बॅगेतली रिकामी जागा

गोल्फ न खेळणाऱ्या माणसाने गोल्फ खेळणाऱ्या आपल्या जोडीदाराला भेट म्हणून क्लब, म्हणजे चेंडू मारायची काठी, द्यावा का, असे कोणत्याही जाणकाराला विचारले तर बहुधा एका शब्दात उत्तर मिळते: नको. त्याऐवजी चेंडूंचे खोके द्या, हातमोजा द्या, छत्री द्या, असे सुचवले जाते आणि सुचवणाऱ्यांचे फारसे चुकत नाही. तरीही क्लब देण्याची ओढ सुटत नाही. चेंडू हरवतात, हातमोजे फाटतात, छत्री तर गोल्फशी संबंध नसलेल्यांकडेही असते; खेळाडू घरी येऊन ज्याच्याविषयी बोलतो, ज्याच्यावर रुसतो आणि ज्याच्या नावाने एखाद्या चांगल्या फटक्याची आठवण सांगतो, तो क्लबच असतो. माझी पत्नी हा खेळ बरीच वर्षे मनापासून खेळते आणि मी तितक्याच मनापासून तो खेळत नाही. तिच्यासाठी एक क्लब निवडायचा असे ठरवल्यानंतर जे वाचावे लागले, विचारावे लागले आणि मुख्य म्हणजे निरखावे लागले, त्याविषयी हे लिहीत आहे.

पहिली अडचण नियमांची आहे. फेरीला उतरताना खेळाडूच्या बॅगेत जास्तीत जास्त चौदा क्लब असू शकतात. ही मर्यादा अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने १९३८ मध्ये घातली आणि ब्रिटनमधील रॉयल अँड एन्शंट या संस्थेने पुढच्याच वर्षी ती स्वीकारली. त्याआधीच्या काळात काही नामांकित खेळाडू वीस-पंचवीस क्लब बॅगेत कोंबून मैदानात उतरत, आणि तो भार अर्थातच कॅडीच्या खांद्यावर असे. याउलट १९१६ ची यूएस ओपन स्पर्धा चिक एव्हान्स यांनी हिकरी लाकडाच्या दांड्यांचे अवघे सात क्लब घेऊन जिंकली होती. मर्यादा मोडली तर काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण २००१ च्या ब्रिटनमधील ओपन स्पर्धेतले आहे. रॉयल लिदम येथे अखेरच्या दिवशी इयन वूसनम आघाडीच्या खेळाडूंमध्ये होते, पहिल्याच होलवर त्यांना चेंडू अगदी जवळ ठेवून बर्डी, म्हणजे ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी, मिळाली होती, आणि दुसऱ्या होलच्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, कॅडीच्या लक्षात आले की सरावात आजमावलेला दुसरा ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब फटक्याचा क्लब, बॅगेतून काढायचा राहून गेला आहे. पंधरा क्लब झाले होते. दोन फटक्यांचा दंड बसला आणि आघाडीचा दिवस विस्कटला. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, ही म्हण गोल्फच्या नियमावलीत दंडासह लागू आहे.

भेट देणाऱ्याच्या दृष्टीने या नियमाचा अर्थ असा, की जिची बॅग भरलेली आहे तिला दिलेला प्रत्येक क्लब आधीच्या एखाद्या क्लबला बाहेर काढूनच आत जाणार. दुसऱ्या कोणत्याही भेटीवर अशी सक्ती नसते. पुस्तक दिले तर कपाटात आणखी एक पुस्तक वाढते, पण येथे तिने अनेक वर्षांत जुळवत आणलेल्या एका रचनेत आपण हात घालत असतो. म्हणून दुकानात जाण्याआधी तिची बॅग नीट बघावी, हे मला पहिले शहाणपण वाटते. दुकानातला क्लब कितीही देखणा असला तरी तो कोणत्या जागी बसणार आहे हे ठाऊक नसेल, तर ती खरेदी आपल्या हौसेपुरतीच उरते.

बॅग वाचता येते, आणि त्यासाठी खेळता यावेच लागते असे नाही. आयर्नच्या, म्हणजे पातळ धातूच्या डोक्याच्या क्लबांच्या, तळावर आकडे असतात; वेजवर, म्हणजे जवळच्या उंच फटक्यांच्या क्लबांवर, बहुधा अंशच कोरलेले असतात. ज्या क्लबच्या फळीवर, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या बाजूवर, मधोमध झीज होऊन चकाकी आली आहे तो लाडका, आणि ज्याच्या तळावरची रंगभरणी अजून नव्यासारखी आहे तो केवळ भरतीचा. ग्रिपकडे, म्हणजे मुठीकडे, बघितले तर कोणती गुळगुळीत झाली आहे तेही दिसते. लांब पल्ल्याची आयर्न, म्हणजे तीन आणि चार नंबरची, बहुतेक हौशी खेळाडूंच्या बॅगेत दिवाणखान्यातल्या शोभेच्या वस्तूंसारखी राहतात. त्यांचा लॉफ्ट, म्हणजे फळीचा मागचा कल, कमी असल्याने चेंडू हवेत चढवणे अवघड जाते, आणि म्हणूनच गेल्या काही दशकांत त्यांची जागा हायब्रिड या जाड डोक्याच्या, चेंडू सहज चढवणाऱ्या क्लबने घेतली. पत्नीच्या बॅगेत हा बदल तिने स्वतःच कधीच करून टाकला होता. त्यामुळे मला वाटलेली पहिली रिकामी जागा तेथे नव्हती.

ती सापडली बॅगेच्या दुसऱ्या टोकाला, आणि ती साध्या वजाबाकीने सापडली. लॉफ्ट म्हणजे क्लबची फळी दांड्याच्या उभ्या रेषेपासून किती अंशांनी मागे कललेली आहे ते माप. कल जितका अधिक, तितका चेंडू उंच जातो आणि कमी अंतर कापतो. पूर्वीच्या संचांमध्ये सात नंबरच्या आयर्नचा लॉफ्ट ३४ ते ३६ अंशांच्या आसपास आणि पिचिंग वेजचा ४८ च्या आसपास असे. आताच्या अनेक संचांमध्ये, विशेषतः हौशी खेळाडूंसाठी बनवलेल्या संचांमध्ये, सात नंबरचे आयर्न ३० अंशांवर किंवा त्याहूनही खाली आलेले असते आणि पिचिंग वेज ४४ किंवा त्याहून कमी. आकडा तोच राहिला, कल मात्र कमी झाला. सात नंबरने आता चेंडू पूर्वीपेक्षा लांब जातो असे ऐकून ग्राहक खूश होतो. त्यात तंत्रज्ञानाचा वाटा आहेच, पण कालच्या सहा नंबरवर, क्वचित पाच नंबरवरही, सात असे कोरल्याचाही आहे. मला स्वतःला ही चलाखी फारशी आवडत नाही, तरी कंपन्यांच्या बाजूनेही एक मुद्दा आहे. वजन तळाकडे नेलेल्या नव्या आयर्नमधून चेंडू मुळात उंच उडतो, आणि जुनाच लॉफ्ट ठेवला असता तर तो गरजेपेक्षा जास्त वर गेला असता.

परिणाम मात्र बॅगेच्या शेवटी जाणवतो. सँड वेज आपल्या जागी, म्हणजे ५४ ते ५६ अंशांवरच राहिला, कारण वाळूतून चेंडू काढण्याचे काम बदललेले नाही. पत्नीच्या संचातला पिचिंग वेज ४४ अंशांचा आणि वेगळा घेतलेला सँड वेज ५६ अंशांचा निघाला. बाकीच्या क्लबांत साधारण चार-चार, पाच-पाच अंशांची पायरी असताना येथे एकदम बारा अंशांची दरी. तिच्या एका जुन्या तक्रारीचा उलगडा मला त्या वजाबाकीत झाला. ग्रीनपासून, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवताच्या पट्ट्यापासून, एका ठरावीक टप्प्यावर आले की माझा हात अडखळतो, असे ती नेहमी म्हणत असे. पिचिंग वेजने पूर्ण फटका मारला तर चेंडू ग्रीनच्या पलीकडे जातो, सँड वेजने मारला तर अलीकडे पडतो, आणि मग पाऊण ताकदीने मारण्याचा प्रयत्न करावा लागतो. असे मोजून मारलेले अर्धे-पाऊण फटके सतत सराव असणाऱ्यांनाच नेमके जमतात. मी आजवर हे ऐकून हं म्हणत आलो होतो. दोष तिच्या हाताचा कमी आणि अंशांच्या दरीचा जास्त असावा, ही शंका तेव्हा प्रथमच आली. त्या दरीत बसणारा वेज ५० अंशांचा, आणि त्याला खेळाडू सरळ गॅप वेज असेच म्हणतात.

एवढे झाल्यावर निर्णय झाला असे वाटेल, पण दुकानात गेल्यावर सगळे लक्ष ड्रायव्हरकडे जाते. तशी मांडणीच असते. ड्रायव्हर हा बॅगेतला सर्वांत मोठा, सर्वांत हलका आणि सर्वांत बडबड्या जाहिरातींचा क्लब. १९७९ मध्ये टेलरमेड कंपनीचे गॅरी ॲडम्स यांनी पर्सिमन लाकडाऐवजी पोलादी डोक्याचा ड्रायव्हर बाजारात आणला, १९९१ मध्ये कॅलवेचा बिग बर्था आला आणि १९० घनसेंटिमीटरचे त्याचे डोके तेव्हा अवाढव्य वाटले. टायटॅनियम आल्यानंतर हा फुगा वाढतच गेला आणि शेवटी नियमकर्त्यांनी ४६० घनसेंटिमीटरवर रेघ ओढली. फळीवरून चेंडूने किती उसळी घ्यावी यावरही मर्यादा आहे, आणि नामवंत कंपन्यांचे ड्रायव्हर बरीच वर्षे त्या मर्यादेला टेकलेले आहेत. म्हणून फळीच्या बरोबर मध्यावर लागलेल्या चेंडूला यंदाचा ड्रायव्हर चार-पाच वर्षांपूर्वीच्या ड्रायव्हरपेक्षा फार लांब नेईल, ही अपेक्षा व्यर्थ आहे. सुधारणा होते ती बाजूला लागलेल्या फटक्यांत, कारण वजन कडेला पसरल्याने डोके कमी वळते आणि चुकलेला चेंडूही बऱ्यापैकी सरळ जातो. हौशी खेळाडूच्या दृष्टीने हा फायदा खराच आहे. मात्र तो मिळण्यासाठी लॉफ्ट, लांबी आणि शाफ्ट, म्हणजे दांडा, तिला साजेसे असावे लागतात, आणि तेथे बाहेरच्या माणसाचा अंदाज हमखास कोलमडतो.

शाफ्टची गोष्ट तर विशेषच आहे. दांडा फटक्याच्या वेळी वाकतो आणि सरळ होतो, त्याच्या लवचिकतेवर एल, ए, आर, एस आणि एक्स अशी अक्षरे छापलेली असतात. नवख्याला वाटते की हे मोजमापाचे एकक असेल. तसे ते नाही. या अक्षरांमागे साऱ्या उद्योगाने मान्य केलेले एकही प्रमाण नाही. एका कंपनीचा आर दुसऱ्या कंपनीच्या एस इतका ताठ असू शकतो. दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा लावून जसे सगळे दिसते पण काहीच नीट दिसत नाही, तसे न जुळणाऱ्या शाफ्टने खेळणाऱ्याचे होते: चेंडू जातो, कोठे जाणार ते आधी कळत नाही. म्हणून ड्रायव्हर द्यायचाच असेल तर तो खेळाडूला बरोबर नेऊनच घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. आपल्या अंदाजाने आणलेला ड्रायव्हर कौतुकाने स्वीकारला जातो, काही फेऱ्यांत मिरवला जातो, आणि नव्याची नवलाई सरली की जुना ड्रायव्हर हळूच परत येतो.

पत्नीसाठी क्लब शोधणाऱ्या माणसाला आणखी एका गोष्टीला तोंड द्यावे लागते. बायकोसाठी हवा आहे, एवढे म्हणताच विक्रेता आपल्याला एका वेगळ्या कोपऱ्यात नेतो, जेथे रंग फिके होतात, दांडे आखूड होतात आणि शाफ्टवर एल, म्हणजे लेडीज, हे अक्षर उमटते. बायकांसाठीचे म्हणून विकले जाणारे क्लब पुरुषांच्या क्लबांपेक्षा साधारण एक इंच आखूड, वजनाने हलके आणि अधिक लवचिक असतात, आणि कित्येक जणींना ते छान जुळतातही. परंतु क्लबला स्त्री-पुरुष कळत नाही. त्याला उंची कळते, उभे राहिल्यावर मनगट जमिनीपासून किती वर आहे ते कळते, तळहाताची लांबी कळते आणि स्विंगचा वेग कळतो. माझी पत्नी उंच आहे, स्विंगही तिचा चांगला वेगवान आहे. एल अक्षराचा दांडा तिच्या हातात मऊ पडतो. उलट वय वाढलेल्या, सांधे दुखणाऱ्या अनेक पुरुषांना तोच दांडा फायद्याचा ठरेल, पण त्यावरचे अक्षर बघून ते तो हातात घेणार नाहीत. अहंकाराची किंमत अंतरात मोजावी लागते, असे या खेळात वारंवार दिसते.

हाताचा प्रश्नही गृहीत धरू नये. फिल मिकेलसन लिहितात उजव्या हाताने, पण लहानपणी वडिलांच्या समोर उभे राहून आरशातल्या प्रतिमेसारखा त्यांचा स्विंग गिरवल्यामुळे खेळतात डावखुऱ्या क्लबांनी. आपला जोडीदार जेवताना किंवा लिहिताना कोणता हात वापरतो यावरून क्लब घेणारा माणूस फसू शकतो. बॅगेतला कोणताही एक क्लब जमिनीवर टेकवून बघितला की शंका फिटते.

लाय हा शब्द मी आधी ऐकून सोडून दिला होता, आणि त्याचा अर्थ समजल्यावर तो सोडून देण्यासारखा नाही हे पटले. तळ जमिनीवर सपाट टेकवल्यावर दांडा जमिनीशी जो कोन करतो, तो लाय. खेळाडूच्या मानाने क्लब जास्त उभा असेल तर फटक्याच्या क्षणी डोक्याचे टोक वर उचललेले राहते आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू डावीकडे जातो. जास्त आडवा असेल तर टाच उचलली जाते आणि चेंडू उजवीकडे. लॉफ्ट जितका अधिक, तितका हा परिणाम मोठा, म्हणजे वेजमध्ये तो सर्वांत जास्त जाणवतो. खेळाडू मात्र अनेकदा स्वतःलाच दोष देतो, खांदे बदलतो, पाय बदलतो आणि क्लबमधली चूक शरीराने भरून काढायला शिकतो. तपासणी सोपी आहे: तळाला पट्टी चिकटवून जमिनीवर ठेवलेल्या कडक पाटावरून काही फटके मारायला सांगतात आणि पट्टीवर ओरखडा कोठे उमटला ते बघतात. तो टाचेकडे उमटला तर क्लब जास्त उभा, टोकाकडे उमटला तर जास्त आडवा. मऊ पोलादाच्या घडीव वेजचा लाय कारागीर यंत्रात धरून एखाददुसऱ्या अंशाने वाकवूनही देतो. भेट दिल्यानंतरही दुरुस्त करता येते, ही वेजची जमेची बाजू मला फार मोलाची वाटली.

वेजला बाउन्स नावाचे आणखी एक माप असते आणि ते निवडण्यासाठी मला तिचा खेळ बघायला जावे लागले. वेजचा तळ सपाट नसतो. पुढच्या कडेपेक्षा मागचा भाग किती अंशांनी खाली उतरलेला आहे, तो बाउन्स. जीन सॅराझेन या खेळाडूने १९३० च्या सुमारास विमानाच्या शेपटीची हालचाल बघून क्लबच्या तळाला शिसे डकवून फुगवटा दिला, आणि १९३२ ची ब्रिटनमधील ओपन स्पर्धा तो क्लब घेऊन जिंकली; आधुनिक सँड वेजचे श्रेय त्यांना दिले जाते ते यासाठी. फुगवट्यामुळे क्लब वाळूत किंवा मातीत रुतत नाही, घसरून पुढे जातो. जो खेळाडू तीव्र कोनातून खाली येतो आणि गवताचे जाड ढेकूळ उडवतो, त्याला दहा-बारा अंशांचा बाउन्स लागतो. जो गवत जेमतेम खरवडतो किंवा कडक जमिनीवर खेळतो, त्याला चार ते आठ अंश पुरतात, नाहीतर क्लब जमिनीवरून उसळून चेंडूच्या पोटावर आदळतो. मी फेरीभर तिच्या मागे चालत डिव्हट, म्हणजे फटक्याने उडणारी गवताची ढलपी, बघत होतो. ती पातळ, लांबट निघत होती. एवढ्या वर्षांत मी तिच्या खेळाकडे एवढ्या बारकाईने कधी बघितले नव्हते, आणि काय बघतोस, असे तिने दोनदा विचारल्यावर जमिनीचा प्रकार बघतोय, असे अर्धसत्य उत्तर द्यावे लागले.

पटरचा, म्हणजे ग्रीनवर चेंडू होलमध्ये ढकलण्याच्या क्लबचा, विचार मी केला नव्हता असे नाही. अठरा होलच्या ७२ पारपैकी, म्हणजे ठरलेल्या फटक्यांपैकी, ३६ फटके पटिंगसाठी धरलेले असतात, म्हणजे हिशेबाने निम्मा खेळ या एका क्लबचा. शिवाय पटरच्या इतिहासात जोडीदाराच्या मदतीची एक सुरेख गोष्ट आहे. कार्स्टेन सोल्हाइम हे जनरल इलेक्ट्रिकमधले अभियंते. चाळिशी ओलांडल्यावर ते गोल्फ खेळू लागले, पटिंगने त्यांना छळले आणि दोष पटरच्या रचनेत आहे असे ठरवून त्यांनी १९५९ मध्ये आपल्या गॅरेजमध्ये नवा पटर बनवला. वजन डोक्याच्या मधून काढून दोन्ही टोकांना नेल्यामुळे चेंडू थोडा बाजूला लागला तरी पटर वळत नसे. चेंडू लागताच येणाऱ्या आवाजावरून त्याचे नाव पिंग पडले. १९६६ मध्ये त्यांना आणखी एक रचना सुचली, ती त्यांनी ग्रामोफोन तबकडीच्या पाकिटावर रेखाटली, आणि प्रतिस्पर्ध्यांना हे आपले उत्तर आहे म्हणून तिला आन्सर हे नाव द्यायचे ठरले. अडचण एवढीच होती की ते नाव छोट्याशा पटरवर मावेना. पत्नी लुईस यांनी सुचवले की स्पेलिंगमधला डब्ल्यू काढून टाका, उच्चार तोच राहील. तो पटर आणि त्याच्या घाटाच्या असंख्य प्रतिकृती आजही जगभरच्या ग्रीनवर दिसतात, आणि नावात डब्ल्यू अजून नाही.

असे असूनही पटर भेट देण्याला मी कचरलो. पटरचे आणि खेळाडूचे नाते बाकीच्या क्लबांसारखे मापात बसत नाही. मापे आहेतच: लांबी बहुधा ३३ ते ३५ इंच, आणि दांडा बोटावर आडवा तोलून धरला तर काहींची फळी आकाशाकडे बघते, काहींचे टोक खाली झुकते, ज्यांचा पटिंगचा झोका सरळ मागे-पुढे जातो त्यांना पहिला प्रकार आणि ज्यांचा किंचित कमानीतून जातो त्यांना दुसरा प्रकार मानवतो, असे साधारणपणे सांगतात. पण हे सगळे जुळूनही एखादा पटर डोळ्यांना रुचत नाही, आणि न रुचलेला पटर आत ढकलायचे चेंडूही बाहेर ढकलतो. भेट म्हणून मिळालेले पटर आयुष्यभर टिकल्याची उदाहरणे आहेत. बेन क्रेनशॉ यांना किशोरवयात वडिलांनी घेऊन दिलेला पटर त्यांनी लिटल बेन या लाडक्या नावाने वर्षानुवर्षे वापरला आणि १९८४ ची मास्टर्स स्पर्धा त्यानेच जिंकली. तरी पत्नी ज्या जुन्या पटरवर दर पंधरा दिवसांनी रागावते आणि दर पंधरा दिवसांनी त्याचीच माफी मागते, त्याला निवृत्त करण्याचा अधिकार मला आहे असे वाटले नाही.

तर गॅप वेज. ५० अंश लॉफ्ट, बेताचा बाउन्स, आणि शाफ्ट तिच्या आयर्नच्या शाफ्टशी जुळणारा. वेज निवडण्यामागे एक व्यावहारिक कारणही होते: वेजच्या फळीवरच्या खाचा खेळून खेळून झिजतात, चेंडूला फिरकी मिळेनाशी होते, आणि खेळाडूला तसाही काही वर्षांनी नवा वेज घ्यावाच लागतो. म्हणजे ही जागा कायमची कोणाची नसते. ग्रिपबाबत मात्र तिच्या हातमोज्याचा आकार पुरेसा नाही असे फिटरने, म्हणजे क्लब खेळाडूच्या मापाचे करून देणाऱ्याने, सांगितले. डाव्या हाताने ग्रिप धरल्यावर मधले बोट आणि अनामिका यांची टोके तळहाताला जेमतेम टेकली पाहिजेत. ती रुतत असतील तर ग्रिप बारीक, आणि मध्ये फट राहत असेल तर जाड. ग्रिपखाली चिकटपट्टीचे एक-दोन वेढे जास्त देऊन हा फरक साधता येतो. जाता जाता हेही सांगतो की बॅगेतल्या सगळ्या क्लबांना नव्या ग्रिप बसवून देणे ही या साऱ्या प्रकारातली सर्वांत बिनधोक भेट आहे. कोणालाही बाहेर काढावे लागत नाही, आणि घामाने टणक झालेल्या ग्रिप बदलल्यावर जुनेच क्लब नव्यासारखे वाटतात. फक्त अशी भेट कागदात गुंडाळता येत नाही, आणि गुंडाळलेली वस्तू देण्याचा मोह मला आवरला नाही.

गुपित ठेवावे की तिला घेऊन जावे, यावर मी बराच घोळ घातला. सोनारानेच कान टोचावेत हे खरे. फिटरपुढे तिने स्वतः फटके मारावेत, यंत्राने चेंडूचा वेग, उंची आणि फिरकी मोजावी, मग क्लब ठरावा, यापेक्षा बरी पद्धत नाही. पण अचानक दिलेल्या भेटीतला आनंद निम्मा तरी देणाऱ्याचा असतो आणि तो सोडायला मन तयार होत नाही. शेवटी दोन्ही भाग वेगळे केले. लॉफ्टचा निर्णय आकड्यांनी केलेला होता, तेथे चुकण्याची शक्यता कमी. लाय, ग्रिप आणि हवी तर दांड्याची लांबी यांचा निर्णय तिच्यासमोर व्हावा म्हणून फिटरची वेळ ठरवून ठेवली. जुने किंवा वापरलेले क्लब स्वस्तात मिळतात, आणि वेज सोडून बाकीच्यांच्या बाबतीत तो मार्ग वाईट नाही. मात्र नामवंत क्लबांच्या हुबेहूब नकला बाजारात पुष्कळ असल्याने अनोळखी विक्रेत्याकडून घेणे मी टाळले.

वेज बघून तिने पहिला प्रश्न विचारला तो अंशांचा होता. पन्नास, असे सांगितल्यावर ती क्षणभर थांबली आणि बॅगेतला पिचिंग वेज काढून त्याच्या शेजारी धरला, मग सँड वेज. तिने वजाबाकी माझ्यापेक्षा बरीच लवकर केली. कोणता क्लब बाहेर जाईल हे मी विचारले नाही. पाच नंबरचे फेअरवे वूड, म्हणजे लांब पल्ल्याचा एक क्लब, दुसऱ्या दिवशी कपाटाजवळ भिंतीला टेकवून ठेवलेले दिसले, आणि त्याच्याविषयी आमच्यात काहीही बोलणे झाले नाही. फिटरने लाय एक अंशाने उभा केला, ग्रिपखाली एक वेढा वाढवला.

देणाऱ्याने यानंतर पाळायचे एक पथ्य आहे, आणि ते क्लब निवडण्यापेक्षा अवघड जाते. फेरीहून परत आल्या आल्या, कसा चालला, असे विचारू नये. नव्या क्लबशी हात बसायला वेळ लागतो, त्या काळात पडणारे वाईट फटके क्लबचे असतात की हाताचे हे खेळाडूलाही कळत नाही, आणि अशा वेळी भेट देणाऱ्याचे समाधान करण्याचे ओझे तिच्यावर टाकणे म्हणजे कॅडीच्या खांद्यावर आणखी एक बॅग देणे आहे. दुकानाच्या बदलीच्या अटी मी आधीच वाचून घेतल्या होत्या. बिल खोक्यातच ठेवले होते, आणि बदलून आणायचा झाला तर मला सांगण्याचीही गरज नाही, हे वेज हातात देतानाच सांगून टाकले होते.